जळवेची साक्ष

मज्जातंतूचा हुकूम स्नायूपर्यंत रसायनाच्या हस्ते पोचतो, या शोधाची कथा सांगायला बसले की बहुतेक लेखक ओटो लोवी यांच्या स्वप्नापासून आरंभ करतात. ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठातले हे औषधशास्त्रज्ञ एका रात्री झोपेतून उठले, कागदावर काहीतरी खरडून पुन्हा झोपले, आणि सकाळी त्यांना स्वतःचेच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले तेव्हा ते तडक प्रयोगशाळेत गेले आणि बेडकांच्या दोन हृदयांवर तो प्रसिद्ध प्रयोग त्यांनी केला. पहिल्या हृदयाची व्हेगस नस चेतवली, हृदय मंदावले. त्या हृदयातले क्षारजल काढून दुसऱ्याला दिले, तर नस न चेतवताच तेही मंदावले. १९२१ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला, १९३६ मध्ये लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कथा इतकी गोड आहे की ती मोडवत नाही. पण स्वप्न आणि पारितोषिक यांच्यामध्ये पंधरा वर्षे आहेत आणि त्यांचा हिशेब या कथेत कुठेच लागत नाही. कल्पना तर लोवींच्याही आधीची होती, केंब्रिजच्या टी. आर. एलियट या तरुणाने १९०४ मध्येच असे काहीतरी सुचवले होते. अडले होते ते पुराव्यापाशी. हा पुरावा एका माणसाच्या प्रतिभेतून आला नाही. तो एका कार्यपद्धतीतून आला, आणि ती पद्धत एका शहरातून दुसऱ्या शहरात स्वतःच्या हातांनी वाहून नेणाऱ्या विल्हेल्म फेल्डबर्ग या संशोधकाच्या भागीदाऱ्यांतून आला. या शोधाचा इतिहास लिहायचा तर त्याचा कर्ता एकवचनी धरून चालत नाही, असे माझे म्हणणे आहे.

आधी १९२१ नंतर नेमके काय सिद्ध व्हायचे राहिले होते ते पाहू. लोवींचा प्रयोग हृदयावरचा होता, आणि हृदय हे सावकाश चालणारे इंद्रिय. नस चेतवल्यावर त्याचा वेग उतरायला जो वेळ लागतो, त्यात एखादे रसायन पाझरले आणि पसरले असे मानायला जागा असते. हात उचलणाऱ्या स्नायूचे तसे नाही. तिथे मज्जातंतूची लाट येऊन थडकते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात स्नायू प्रतिसाद देतो. शिवाय ते रसायन कोणते, हेही पक्के नव्हते. डेल यांनी १९१४ मध्येच अ‍ॅसिटिलकोलिन या द्रव्याचे गुणधर्म बारकाईने तपासले होते आणि ते काही नसांच्या परिणामाची हुबेहूब नक्कल करते हे दाखवले होते. पण तेव्हा ते प्राण्यांच्या शरीरात सापडतच नव्हते. १९२९ मध्ये डेल आणि डडली यांना ते घोड्याच्या आणि बैलाच्या प्लीहेत मिळाले. म्हणजे द्रव्य शरीरात आहे एवढे ठरले. ते नसेच्या टोकाशी, नस चेतवल्यावर, ठरलेल्या वेळी बाहेर पडते का, हा प्रश्न तसाच उरला. त्याचे उत्तर मिळत नव्हते याचे कारण अगदी व्यावहारिक होते. रक्तात आणि ऊतींत असलेले एक एन्झाइम अ‍ॅसिटिलकोलिनचा क्षणात फडशा पाडते, आणि जे उरते ते इतके कमी की त्या काळच्या कोणत्याही रासायनिक परीक्षेत ते दिसले नसते.

या अडचणीवर तोडगा निघाला तो जळवेच्या पाठीच्या स्नायूतून. आपल्याकडे जळू म्हटले की वैद्यांचे रक्तमोक्षण आठवते. बर्लिनच्या शरीरक्रियाशास्त्र संस्थेत ती मोजमापाचे साधन झाली. हर्मान फ्यूनर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच दाखवले होते की जळवेच्या स्नायूला आधी इझेरिन दिले तर तो अ‍ॅसिटिलकोलिनला विलक्षण संवेदनशील होतो. इझेरिन हे पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार नावाच्या विषारी बीचे सत्त्व. ते त्या फडशा पाडणाऱ्या एन्झाइमला रोखून धरते, म्हणजे एरवी नाहीसे झाले असते ते अ‍ॅसिटिलकोलिन टिकून राहते. बर्लिनमध्ये ब्रूनो मिन्झ यांनी १९३२ मध्ये या गुणाची रीतसर कसोटी बांधली. जळवेच्या पाठीकडच्या स्नायूची अरुंद पट्टी कापायची, ती लहानशा काचपात्रात क्षारजलात उभी टांगायची, तिचे एक टोक खाली बांधायचे आणि दुसरे हलक्या तरफेला जोडायचे. तरफेचे टोक काजळी धरलेल्या कागदावर टेकलेले. कागद गुंडाळलेला पिंप सावकाश फिरतो आहे. पात्रात इझेरिन आधीच घातलेले. आता संशयित द्रव आत सोडला आणि त्यात अब्जात एखादा भाग अ‍ॅसिटिलकोलिन असले, तरी पट्टी हळूहळू आखडते आणि काजळीत पांढरी रेघ वर चढते. द्रव धुऊन काढला की पट्टी पुन्हा सैल पडते, आणि मग माहीत असलेल्या मात्रेचे अ‍ॅसिटिलकोलिन देऊन रेघेची उंची ताडून पाहायची. सोनाराच्या तराजूसारखे हे काम, फक्त तराजू जिवंत आणि लहरी. एखादी जळू चांगली निघे, एखादी दिवसभर हटून बसे. असे तंत्र निबंधातली कृती वाचून हाती लागत नाही. ते शिकवणारा माणूस शेजारी उभा असावा लागतो.

असा माणूस म्हणजे फेल्डबर्ग. जन्म १९ नोव्हेंबर १९०० रोजी हॅम्बर्गच्या ज्यू कुटुंबात. वैद्यकीचे शिक्षण जर्मनीत पुरे करून १९२५ मध्ये ते इंग्लंडला गेले ते केंब्रिजमध्ये जॉन लँग्ली यांच्या हाताखाली काम करायला. स्वायत्त मज्जासंस्थेचा नकाशा ज्यांनी काढला तेच हे लँग्ली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते वारले, त्यामुळे त्यांच्या शेवटच्या शिष्यांत फेल्डबर्ग यांची गणना होते. पुढे जोसेफ बारक्रॉफ्ट यांच्याकडे, मग लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये डेल यांच्याकडे थोडे काम करून १९२७ मध्ये ते बर्लिनला परतले. तिथे हिस्टामिनवर त्यांनी मोठा ग्रंथ सिद्ध केला, आणि मिन्झ यांच्या जळवेला घेऊन अधिवृक्क ग्रंथीकडे वळले. या ग्रंथीच्या गाभ्याकडे जाणारी नस चेतवली की अ‍ॅड्रेनॅलिन सुटते हे ठाऊक होते. ते सोडायला लावणारा मध्यस्थ अ‍ॅसिटिलकोलिन असावा याचा पुरावा त्यांना १९३३ च्या सुमारास मिळाला. ही बाब दिसते त्यापेक्षा मोठी होती. हा गाभा म्हणजे रचनेच्या दृष्टीने स्वायत्त मज्जासंस्थेच्या सिंपथेटिक शाखेतल्या पेशींचाच भाईबंद. तिथे जर नसेचा निरोप अ‍ॅसिटिलकोलिन नेत असेल, तर नसांच्या गाठींमध्ये, म्हणजे गँग्लिऑनमध्येही, तेच घडत असणार. पुढचा दरवाजा कुठे आहे हे बर्लिनमध्येच दिसले होते. तो उघडायला मात्र बर्लिनमध्ये वेळ मिळाला नाही.

७ एप्रिल १९३३ रोजी जर्मन सरकारने ज्यू आणि विरोधकांना सरकारी नोकरीतून दूर करणारा कायदा केला. त्याच महिन्यात संस्थेच्या संचालकांनी फेल्डबर्ग यांना बोलावून दुपारच्या आत बाहेर पडायला सांगितले. प्रयोग मध्यावर आहे, असे त्यांनी म्हटल्यावर मुदत वाढली ती मध्यरात्रीपर्यंत. हा प्रसंग फेल्डबर्ग यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे, आणि त्याच्या पाठोपाठचाही. बर्लिनमध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानचा प्रतिनिधी आल्याचे कळले म्हणून ते त्याला भेटले. त्याने सहानुभूतीने ऐकून घेतले, पण एवढे नामवंत रस्त्यावर आले असता तरुण माणसाला आशा दाखवणे बरे नव्हे, असे सांगितले. जाता जाता नाव तरी टिपून घेऊ म्हणून वही उघडली, आणि त्यात डेल यांचा निरोप निघाला: फेल्डबर्ग भेटले आणि त्यांची नोकरी गेली असली तर त्यांना माझ्याकडे पाठवा. प्रसंग नाटकात शोभेलसा आहे, म्हणून त्यावर फार रेंगाळू नये. लक्षात घेण्याजोगे हे की डेल यांनी एक नाव घेऊन निरोप ठेवला होता. त्यांना एका निर्वासिताला आधार द्यायचा होता हे खरेच. पण आपल्या प्रयोगशाळेत काय कमी आहे हेही त्यांना नेमके माहीत होते.

हॅम्पस्टेडला तोवर काय होते? डेल यांच्यापाशी अ‍ॅसिटिलकोलिनचे वीस वर्षांचे ज्ञान होते. जॉन गॅडम यांच्यापाशी मोजमापाची तीक्ष्ण बुद्धी होती. पेकिंगहून आलेल्या चांग शी-चुन यांच्यासह त्यांनी १९३३ मध्येच ऊतींच्या अर्कांतले अ‍ॅसिटिलकोलिन ओळखण्याची एक युक्ती मांडली होती, तिच्याकडे लगेच येतो. फेल्डबर्ग यांनी बरोबर आणले ते इझेरिन आणि जळू, आणि प्राण्याच्या शरीरात एखाद्या इंद्रियाचा रक्तपुरवठा वेगळा काढून त्यातून बाहेर येणारा द्रव गोळा करण्याचा सराव. पहिल्या वर्षातच डेल आणि फेल्डबर्ग यांनी जठराकडे जाणाऱ्या व्हेगस नसेचे काम आणि मांजराच्या पंज्यातल्या घामाच्या ग्रंथींचे काम हातावेगळे केले. घामाच्या ग्रंथींचे कोडे जुने होते. त्यांची नस रचनेने सिंपथेटिक, म्हणजे तिथे अ‍ॅड्रेनॅलिनसारखे काही अपेक्षित. पण औषधांना त्या प्रतिसाद देत तो उलट्या, म्हणजे पॅरासिंपथेटिक गटातल्यासारखा. पंज्यातून आलेल्या द्रवात अ‍ॅसिटिलकोलिन सापडले आणि कोडे सुटले. नस कुठून निघते यावरून तिचे रसायन ठरत नाही, हे यातून दिसले, आणि डेल यांनी नसांची वर्गवारी त्यांच्या रसायनावरून करायची प्रथा पाडली. आजही वैद्यकीचा विद्यार्थी दुसऱ्या वर्षी तीच वर्गवारी घोकतो.

यानंतर आला तो गँग्लिऑनचा प्रयोग, आणि माझ्या मते सगळ्या मालिकेतला सर्वांत देखणा. मांजराच्या मानेत वरच्या बाजूला सिंपथेटिक नसांची एक गाठ असते. खालून येणारी नस तिच्यात संपते आणि तिथून नवे तंतू निघून डोळ्याच्या कोपऱ्यातल्या तिसऱ्या पापणीपर्यंत जातात. खालची नस चेतवली की पापणी आखडते, म्हणजे निरोप गाठ ओलांडून गेला याची डोळ्यांदेखत खूण. कझानच्या किब्याकोव्ह यांनी १९३३ मध्ये या चिमुकल्या गाठीतून क्षारजल खेळवायची पद्धत प्रसिद्ध केली होती. काहीतरी बाहेर पडते असे त्यांनाही वाटले होते, पण त्यांच्या द्रवात इझेरिन नव्हते. फेल्डबर्ग आणि गॅडम यांनी तीच गाठ घेतली आणि द्रवात इझेरिन मिसळले. नस शांत असताना गाठीतून येणारे थेंब जळवेला दिले: रेघ सपाट. नस चेतवून गोळा केलेले थेंब दिले: रेघ वर. आणि अ‍ॅसिटिलकोलिन बाहेरून गाठीत सोडले, तर नस न चेतवताही पापणी आखडली. १९३४ च्या या निबंधात कझानची शस्त्रक्रिया, बर्लिनची जळू, लंडन-पेकिंगचे गणित आणि कॅलाबारची बी एका टेबलावर आली आहे.

गणित म्हणायचे ते असे. जळू आखडली म्हणजे द्रवात अ‍ॅसिटिलकोलिनच होते कशावरून? दुसरेही एखादे द्रव्य जळवेला आखडवू शकेल. यावर गॅडम आणि चांग यांची युक्ती अशी की तोच द्रव एकाच परीक्षकापुढे न ठेवता अनेकांपुढे ठेवायचा: जळवेचा स्नायू, बेडकाच्या पोटाचा स्नायू, बेडकाचे हृदय, मांजराचा रक्तदाब. प्रत्येक परीक्षकाची संवेदनशीलता वेगळी आणि ती निरनिराळ्या द्रव्यांच्या बाबतीत निरनिराळ्या प्रमाणात बदलते. आता प्रत्येक परीक्षकाने स्वतंत्रपणे सांगायचे की या द्रवात किती अ‍ॅसिटिलकोलिन असावे. द्रव्य दुसरेच असेल तर उत्तरे एकमेकांपासून फटकून येतील. सगळ्यांचा आकडा जुळला तर ते अ‍ॅसिटिलकोलिनच. आकडे जुळले. रसायनशास्त्राला ज्याचा थेंबही वेगळा काढता येत नव्हता, त्याची ओळख अशी पटवली गेली. या तर्कात कोणाचा वाटा किती, हे वेगळे काढायचा प्रयत्न करून पाहावा. फेल्डबर्ग यांचे हात काढले तर तपासायला द्रव नाही. गॅडम यांचा तर्क काढला तर द्रवाला नाव नाही. आणि डेल नसतील तर ही माणसे एका खोलीत येण्याचे कारणच उरत नाही.

अखेरचा गड होता ऐच्छिक स्नायूचा. इथे तिसरी सहकारी आली, मार्टा फोख्ट. बर्लिनच्या प्रसिद्ध मेंदूसंशोधक दांपत्याची ही मुलगी ज्यू नव्हती, तिच्यावर कायद्याने गदा आली नव्हती. तरीही १९३५ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्ती घेऊन ती इंग्लंडला आली आणि नाझी राजवटीत परतायचे तिने नाकारले. डेल, फेल्डबर्ग आणि फोख्ट यांचा १९३६ चा निबंध म्हणजे शंका एकेक करून कशा खोडाव्यात याचा वस्तुपाठ आहे. स्नायूकडे जाणाऱ्या नसेत सिंपथेटिक तंतूही असतात, संवेदनेचेही असतात. मग अ‍ॅसिटिलकोलिन त्यांचे कशावरून नाही? म्हणून ते तंतू आधीच वगळून केवळ हालचालीचे तंतू चेतवले. स्नायू आखडतो तेव्हा तो स्वतःच ते सोडत असेल का? म्हणून स्नायू लुळा पाडणारे क्युरारी हे विष दिले. स्नायू आखडायचा थांबला, तरी नस चेतवताच अ‍ॅसिटिलकोलिन बाहेर आलेच. आणि ज्या स्नायूची नस काही दिवस आधी तोडून ती मरू दिली होती, तो थेट चेतवला तर आखडला खरा, पण अ‍ॅसिटिलकोलिन आले नाही. त्याच वर्षी जी. एल. ब्राउन यांच्याबरोबर डेल व फेल्डबर्ग यांनी दाखवले की अत्यल्प अ‍ॅसिटिलकोलिन स्नायूजवळच्या धमनीत झटक्यात सोडले तर स्नायू नस चेतवल्यासारखाच आचका देतो. नोबेल पारितोषिक त्याच वर्षाच्या अखेरीस जाहीर झाले.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला असा की हे सारे डेल यांच्या प्रयोगशाळेत होणारच होते. पैसा, जागा, ज्ञान आणि गॅडम तिथे आधीपासून होते, फेल्डबर्ग नसते तर दुसरा कोणी जळू टांगली असती. यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. फ्यूनर यांचा निबंध कोणीही वाचू शकत होते. पण कालक्रम पाहिला तर हा युक्तिवाद टिकत नाही. डेल यांना अ‍ॅसिटिलकोलिनचे गुण १९१४ पासून ठाऊक होते, लोवी आणि नाव्राटिल यांनी इझेरिनचा उपयोग १९२६ मध्ये दाखवला होता, प्लीहेतला शोध १९२९ चा. सगळी सामग्री असून चार वर्षे गाडी पुढे सरकली नाही, आणि फेल्डबर्ग आल्यावर तीनच वर्षांत जठर, घामाच्या ग्रंथी, गँग्लिऑन आणि ऐच्छिक स्नायू हे चारही टप्पे पार झाले. शक्यता आणि घटना यांत एवढे अंतर असेल तेव्हा मधल्या माणसाला योगायोग म्हणून बाजूला सारता येत नाही. उलट दिशेचा अतिरेकही मला मान्य नाही. नोबेल फेल्डबर्ग यांना द्यायला हवे होते, डेल यांनी श्रेय लाटले, असे म्हणायला आधार नाही. हॅम्पस्टेडचे निबंध सगळ्यांच्या नावांनी निघाले, आणि गँग्लिऑनच्या निबंधावर तर डेल यांचे नावही नाही. चूक पारितोषिकाच्या नियमात शोधावी. ते ठरावीक व्यक्तींना देता येते, खोलीला देता येत नाही.

दुसरा आक्षेप त्या काळातला, आणि जास्त वजनाचा. ऑक्सफर्डचे जॉन एक्लिस आणि त्यांच्या मताचे अनेक शरीरक्रियाशास्त्रज्ञ म्हणत की हृदय-जठराचे ठीक आहे, पण गँग्लिऑन आणि ऐच्छिक स्नायू यांत निरोप विजेच्याच वेगाने जातो. रसायन पाझरणे, पसरणे, काम करणे आणि नष्ट होणे एवढ्या वेळात बसत नाही. अ‍ॅसिटिलकोलिन सापडले असेल, पण सापडणे म्हणजे कारण असणे नव्हे. फिजिऑलॉजिकल सोसायटीच्या बैठकांतून या दोन पक्षांची खडाजंगी वर्षानुवर्षे चालली. एक्लिस यांच्या आक्षेपात खोट नव्हती. जळू सांगू शकत होती की द्रव्य किती आले. ते कधी आले, हजाराव्या सेकंदाच्या मापात, हे ती सांगू शकत नव्हती. त्यासाठी विजेची सूक्ष्म मापने लागणार होती, आणि ती केली ती लाइपझिगहून १९३५ मध्ये लंडनला आलेल्या बर्नार्ड कात्झ यांनी, पुढे पॉल फॅट यांच्यासह. एक्लिस यांनी स्वतःच १९५१ मध्ये न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये पाठीच्या कण्यातल्या पेशीत सूक्ष्म विद्युदग्र घालून पाहिले आणि आपले मत सोडले. काही जोडांवर निरोप खरोखरच विजेनेच जातो हेही त्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झाले, म्हणजे हरलेला पक्ष पूर्ण चुकला नव्हता. या वादामुळे माझा मुद्दा दुबळा होत नाही, उलट त्याला बळच येते. विरोधक नसता तर १९३६ च्या निबंधातल्या शंका इतक्या चिकाटीने खोडल्या गेल्या असत्या का? ज्यांनी समोर बसून नाही म्हटले, त्यांनाही या भागीदारीत जागा द्यावी लागते.

तिसरा युक्तिवाद आक्षेपाच्या रूपात न येता कौतुकाच्या रूपात येतो, म्हणून जास्त फसवा आहे. हिटलरने इंग्लंड-अमेरिकेला शास्त्रज्ञांची भेट दिली, हकालपट्टी झाली म्हणून विज्ञान बहरले, असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. फेल्डबर्ग यांची कथा त्याला पुरावा म्हणून वापरली जाते. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा. कसोटी ज्यांनी बांधली ते मिन्झ हॅम्पस्टेडला आले नाहीत. त्यांची वाट पॅरिसकडे गेली आणि बर्लिनची ती जोडी फुटली ती फुटलीच. लोवींना १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रियात अटक केली, आणि नोबेलची रक्कम नाझींच्या ताब्यातल्या बँकेत वळती केल्यावरच त्यांना देश सोडू दिला. त्यानंतरच्या दोन वर्षांत हा पासष्टीचा माणूस ब्रसेल्स, ऑक्सफर्ड करत न्यूयॉर्कला पोचला. स्वतः फेल्डबर्ग यांनाही लंडनमध्ये कायम जागा नव्हती. १९३६ मध्ये, काम ऐन भरात असताना, त्यांना मेलबर्नला जावे लागले. विज्ञान पुढे गेले ते डेल यांनी आधीच ओळख ठेवली होती म्हणून, रॉकफेलरचा पैसा होता म्हणून, आणि १९२५ साली एका जर्मन तरुणाला केंब्रिजने दार उघडले होते म्हणून. हकालपट्टीने यात भर घातली नाही, तिने फक्त तोडफोड केली.

मेलबर्नला चार्ल्स केलवे यांच्या संस्थेत सापांचे विष हा मुख्य विषय होता. फेल्डबर्ग यांनी तिथे आपले हिस्टामिन बाहेर काढले, आणि १९३८ च्या सुमारास दोघांनी दाखवले की नागाचे विष ऊतींतून हिस्टामिन सोडवते, शिवाय स्नायूला सावकाश आखडवणारे आणखी एक द्रव्यही निर्माण होते. दम्याच्या संशोधनात पुढे या दुसऱ्या द्रव्याला फार महत्त्व आले. मग केंब्रिज, तिथून १९४९ मध्ये पुन्हा डेल यांच्या जुन्या संस्थेत, जिचा मुक्काम मिल हिलला हलला. फोख्ट यांच्याबरोबर १९४८ मध्ये मेंदूच्या निरनिराळ्या भागांतले अ‍ॅसिटिलकोलिनचे उत्पादन मोजले. मायर्स यांच्यासह १९६३ मध्ये शरीराचे तापमान मेंदूतल्या कोणत्या द्रव्यांनी सांभाळले जाते याची नवी मांडणी केली. भारतातून गेलेल्या सक्सेना यांच्यासह १९७१ मध्ये प्रोस्टाग्लँडिनने ताप कसा चढतो ते दाखवले. क्रोसिन घेतल्यावर ताप का उतरतो, याच्या स्पष्टीकरणाची एक कडी या कामात आहे. प्रत्येक ठिकाणी गडी नवा, प्रश्न नवा, आणि फेल्डबर्ग यांची पद्धत मात्र तीच: जिवंत प्राण्याच्या नेमक्या जागी द्रव्य पोचवायचे आणि नेमक्या जागचा द्रव काढून पाहायचा. या पद्धतीची दुसरी बाजू झाकून ठेवू नये. ती मांजरे, कुत्रे, ससे यांच्या देहांवर उभी होती. १९९० मध्ये, नव्वदीला टेकलेल्या फेल्डबर्ग यांच्या प्रयोगशाळेत प्राणिहक्क कार्यकर्त्यांनी गुपचूप चित्रीकरण केले, पुरेशी भूल नसताना सशांवर प्रयोग होत असल्याचे पुढे आले आणि त्यांचे काम बंद झाले. १९३४ च्या गँग्लिऑनने १९९० चे ससे माफ होत नाहीत, आणि त्या सशांमुळे गँग्लिऑनही खोटे ठरत नाही.

या कामाचा रुग्णाला उपयोग काय, हे विचारणारा वाचक असतोच. उत्तर त्याच वर्षांत मिळाले, तेही हॅम्पस्टेडच्या बाहेर. ग्रिनिचच्या रुग्णालयातल्या मेरी वॉकर या डॉक्टरांनी १९३४ मध्ये स्नायू झपाट्याने थकणाऱ्या मायस्थेनिया ग्रॅव्हिस या रोगाच्या एका रुग्णाला इझेरिन टोचले आणि पापण्या उचलता न येणारी ती बाई काही काळ उभारी धरून उठली. क्युरारीवर इझेरिन उतारा पडते, एवढ्या धाग्यावरून त्यांनी हे केले होते; धागा खरा का, याचे उत्तर दोन वर्षांनी ऐच्छिक स्नायूच्या निबंधात आले. आज शस्त्रक्रियेनंतर स्नायूंची शिथिलता उतरवायला भूलतज्ज्ञ इझेरिनचा नातलग असलेले निओस्टिग्मिन देतात. आणि कपाशीवर ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक फवारताना विषबाधा झालेला शेतमजूर विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयात येतो तेव्हा बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला लाळ, अंग घामाने निथळलेले, स्नायू थरथरणारे, हे सारे चित्र अ‍ॅसिटिलकोलिन नष्ट न होता साचल्याचे असते. इझेरिन जे एन्झाइम थोडा वेळ रोखते, तेच हे कीटकनाशक घट्ट जखडून टाकते. डॉक्टर अ‍ॅट्रोपिन देत राहतात. घाम याच द्रव्याच्या हुकमतीखाली आहे हे मांजराच्या पंज्यावर ठरले होते.

फेल्डबर्ग २३ ऑक्टोबर १९९३ रोजी लंडनमध्ये वारले. युद्धानंतर जर्मन सरकारकडून त्यांना नुकसानभरपाई मिळाली होती. ती त्यांनी स्वतःवर खर्च केली नाही. तिच्यातून एक प्रतिष्ठान उभारले. त्याच्या वतीने एक जर्मन संशोधक व्याख्यान द्यायला ब्रिटनला येतो आणि एक ब्रिटिश संशोधक जर्मनीला जातो.